एका तेलाची परीक्षा
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्या विषयावर घरात कुजबुजही होत नाही, तो आज आम्ही व्यासपीठावर घेत आहोत, याबद्दल क्षमा असावी. स्तनांतील वेदना आणि अंगावरील इसब हे विकार अगदी भिन्न. परंतु एका तेलाने त्यांस एकत्र आणले.

इव्हिनिंग प्रिमरोझ ही मूळची अमेरिकेतील, सायंकाळी पिवळी फुले उमलणारी वनस्पती. तिच्या बियांच्या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल असते. दोन्ही विकारांच्या मुळाशी अशा आम्लांची उणीव असावी, असा संशोधकांचा तर्क होता. आरंभीच्या काही प्रयोगांत गुणही दिसला. ब्रिटनमध्ये या दोन्ही विकारांवर तेलाच्या कॅप्सुलांस सरकारी परवाना मिळाला.

परंतु पाळीबरोबर येणारी स्तनवेदना पुष्कळदा आपोआप ओसरते. इसबही कधी भडकतो, कधी निवतो. अशा वेळी घेतलेल्या औषधास श्रेय मिळते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ! म्हणून रोग्यांचे गट पाडून एकास हे तेल व दुसऱ्यास तशाच दिसणाऱ्या कॅप्सुलेतून साधे तेल देतात. कोणास काय मिळाले, हे रोग्यास ठाऊक नसते व तपासणाऱ्या डॉक्टरासही नसते.

हॉलंडमध्ये १२० स्त्रियांवर झालेला असा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. वेदना सर्वच गटांत कमी झाल्या. साधे तेल घेणाऱ्यांच्याही! त्याच वर्षी ब्रिटनने परवाने काढून घेतले. इसबावरील २७ प्रयोगांचा कॉक्रेन संस्थेने २०१३ साली आढावा घेतला. त्यातही तेलाचा विशेष लाभ आढळला नाही. आपल्याकडे मात्र या कॅप्सुला अद्याप विकल्या जातात.

मग उपाय काय? कार्डिफ येथील ह्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली असे मांडले की, स्तनांतील बहुतेक साधी दुखणी व गाठी या शरीराच्या नेहमीच्या घडामोडींतील किरकोळ फरक होत. कर्करोग नाही, असे डॉक्टरांनी तपासून सांगितले, की अनेक स्त्रियांस त्या धीरानेच आराम पडतो. इसबास त्वचा मऊ राखणारी साधी मलमे व डॉक्टरांनी सांगितलेले औषध उपयोगी पडते.

तथापि, 'बहुतेक गाठी साध्या' याचा अर्थ 'आपली गाठ साधीच' असा कोणी घेऊ नये. ते तपासणीनेच ठरते. तसेच एकाच स्तनाग्रावर इसबासारखे चट्टे येऊन ते बरे होत नसतील, तर त्याखाली कर्करोग असू शकतो. सर जेम्स पॅजेट यांनी हे १८७४ सालीच दाखवून दिले आहे. तेथे मलमे चोळीत महिने घालविणे घातक होय.

आपल्या भगिनी लाजेपायी अशी दुखणी लपवितात व शेजारणीने सांगितलेले तेल गुपचूप घेतात. पुरुषमंडळींनी घरात असे वातावरण ठेवावे की, पत्नीस वा सुनेस हे निःसंकोच सांगता यावे, आणि सांगताच तिला डॉक्टरांकडे न्यावे.