श्रवणाला मननाची जोड

नवविधा भक्तीत श्रवण पहिलं. ऐकल्याशिवाय पुढची पायरीच सापडत नाही. पण नुसतं ऐकलं म्हणजे झालं का?

माझंच सांगतो. लहानपणी पाठशाळेत पाणिनीची सूत्रं घोकली. अर्थ कळेना, विचारायची भीती वाटे. आता साठी उलटली. नातवानं मोबाईलवर एनपीटेल लावून दिलं. २००३ साली सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी हे काम सुरू केलं. मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्यानं, घरबसल्या, एक पैसा न देता! त्यात मुंबई आयआयटीचं पाणिनीय व्याकरणही आहे, बरं का. शिकवणं इंग्रजीत, अडलं की नातू सांगे.

मी हावरट. आठ दिवसांत दहा व्याख्यानं ऐकून काढली. नातवानं विचारलं, "आजोबा, 'प्रति' आणि 'एक' मिळून 'प्रत्येक' कसं होतं?" महाराज, माझं तोंड बंद!

मग वही घेतली. एकच व्याख्यान. थांबवायचं, मागं न्यायचं, लिहायचं. तेव्हा उमगलं, 'इ'पुढं वेगळा स्वर आला की 'इ'चा 'य' होतो. पन्नास वर्षं जे तोंडात होतं, ते त्या दिवशी डोक्यात उतरलं.

यंत्र दहादा सांगेल, रागावणार नाही. पण 'समजलं का?' असंही विचारणार नाही. ते आपलं आपणच विचारायचं. त्यालाच मनन म्हणतात. कीर्तनाचंही तसंच, माउली. इथून उठलात की वाटेत एकमेकांना एवढंच विचारा, आज काय ऐकलं?

रामकृष्णहरी!