प्रमाणपत्र आणि पात्रता
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या शिक्षणनिधीकडे पूर्वी वह्या-पुस्तके व वसतिगृह यांसाठी अर्ज येत. आता संगणकक्षेत्रातील प्रमाणपत्रांच्या क्लासांची फी मागितली जाते. या परीक्षांची तयारी कशी करावी, याविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आम्ही या विषयातील जाणकार नव्हे. परंतु एक चूक आम्ही स्वतः केली आहे, आणि तेवढाच आमचा अधिकार.

आमच्या भाच्याने संगणकांच्या जाळ्यासंबंधीची, सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा देण्याचे ठरविले. घरी अभ्यास करतो, असे तो म्हणत होता. "क्लासावाचून का परीक्षा होतात?" असे म्हणून आम्हीच बहिणीस ठेव मोडावयास लावली. क्लासात 'हमखास येणारे प्रश्न' पाठ करून घेण्यात आले. मुलगा उत्तीर्ण झाला, पेढे वाटले गेले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत त्यास विचारले : १९२.१६८.१०.७० हा पत्ता, २५५.२५५.२५५.१९२ हा सबनेट मास्क. तर यंत्र कोणत्या जाळ्यातील? त्यास उत्तर देता येईना.

त्याच रात्री तो प्रश्न आम्ही त्याच्या पुस्तकाच्या साहाय्याने सोडवून पाहिला, तो काय, केवळ अंकगणित! २५६ मधून १९२ वजा करता ६४ उरतात. म्हणजे चौसष्ट-चौसष्टांचे गट पडतात. ७० हा अंक ६४ ते १२७ या गटातला. पहिला अंक जाळ्याच्या नावाचा, शेवटचा सर्वांस एकदम निरोप देण्याचा. मध्ये यंत्रांसाठी ६२ पत्ते. जन्मभर मुलांस रीत समजावून देणाऱ्या मामाने भाच्यास पाठांतराच्या वाटेस लावले, याची लाज आम्हांस आजही वाटते.

मग क्लास वाईटच काय? मुळीच नाही. परंतु निवड करण्यापूर्वी अभ्यासक्रम हाती घ्यावा. कंपनी तो विनामूल्य प्रसिद्ध करते. २०२४ साली सुधारलेल्या अभ्यासक्रमात सहा भाग असून प्रत्येकाचा भार दिलेला आहे. जाळ्यांमधील आयपी जोडणीस सर्वांत अधिक, २५ टक्के. प्रत्येक मुद्द्यापुढे 'येते', 'अर्धवट येते', 'येत नाही' अशी प्रामाणिक खूण करावी. बहुतेक येत असेल, तर एक चांगले पुस्तक व नित्याचा सराव पुरे. पायाच कच्चा असेल, वा शंका विचारावयास कोणी नसेल, तर क्लास अवश्य लावावा. मात्र विद्यार्थी तेथे स्वतःच्या हाताने किती तास काम करतो, हे फी भरण्यापूर्वी विचारावे. महागडी यंत्रे नाहीत, ही सबब नको. सिस्कोचाच पॅकेट ट्रेसर हा आभासी प्रयोगशाळेसारखा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात जाळे उभारावे, मुद्दाम बिघडवावे, पुन्हा दुरुस्त करावे.

फुटलेले प्रश्न विकत घेणे तर सर्वथा वर्ज्य. त्याने प्रमाणपत्रही रद्द होऊ शकते. आणि ते न झाले तरी प्रमाणपत्राची मुदत तीनच वर्षांची. विद्या मात्र रोज कामास यावयाची.

भाच्याने पहिल्या धड्यापासून पुन्हा आरंभ केला. नोकरी लागली, पण एक वर्ष वाया गेले, आणि ठेव गेली ती गेलीच. म्हणून कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे की, निधीतून फी देण्यापूर्वी अर्जदाराने खुणा केलेला अभ्यासक्रम पाहावा. आणि ज्या तरुणांनी या परीक्षा दिल्या आहेत, त्यांनी रविवारचा एक तास धाकट्यांसाठी द्यावा. आमच्या भाच्याने तो मान्य केला आहे.