डांगाणातला पावसाचा अंमल

नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा म्हटला की दुष्काळी माळरान डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु त्याच जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, अकोले तालुक्यातील डांगाणात, सारा कारभार पावसाच्या हुकुमाने चालतो.

घाटघर, साम्रद, रतनवाडी ही तिथली गावे.
महादेव कोळी आणि ठाकर हे तिथले रहिवासी.

पावसाआधी पालापाचोळा व शेण पसरून राब भाजायचा;
त्यात भाताचे रोप वाढवायचे;
आणि पाऊस लागला की, चिखलात ओणवे होऊन, आवणी, म्हणजे त्या रोपांची लावणी, उरकायची.

डांगी बैल मुसळधारेतही औत ओढतो;
त्याच्या तेलकट कातडीवर पाणी ठरत नाही.

उन्हाळ्यात हिरडा वेचून चार पैसे मिळतात.

इथल्याच पावसाचे पाणी अडवणारे, प्रवरा नदीवरचे भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले,
आणि प्रवरेकाठचा खालचा मुलूख बागायती झाला.

पुन्हा सांगावेसे वाटते,
डांगाणात हुकूम पावसाचाच.
तेव्हा पावसाळी सहलीस जाल, तर आवणीची खाचरे तुडवू नका.