बोलणारी चिठ्ठी आणि गटाची वही

मैत्रिणींनो, आम्ही कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बायका. कोण आत्ताच पहिल्या पाळीवरून घरी आली असेल, कोण दुसऱ्या पाळीच्या गाडीची वाट बघत असेल, कोण भाकरी थापत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडं द्या.

आमच्या गटात एक आक्का आहेत. साठी ओलांडली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. गटाच्या पहिल्या दिवसापासून त्या सभासद आहेत, बचतीचा एकही हप्ता चुकवलेला नाही. पण खरं सांगायचं तर आम्ही त्यांना बैठकीत एका बाजूला बसवायचो, चहा द्यायचो, वहीवर अंगठा घ्यायचो आणि रिक्षानं घरी पाठवायचो. आपण आक्कांना किती सांभाळून घेतो, असं आम्हाला वाटायचं.

आमच्यातली एक बहीण एमआयडीसीत कामाला जाते. तिच्या ओळखीच्या एका घरात अंध माणसांसाठीचं बोलणारं पेन होतं. ते त्यांनी आम्हाला महिनाभर वापरायला दिलं. अशा पेनाला ‘पेनफ्रेंड’ म्हणतात. ब्रिटनमधली आरएनआयबी ही अंधांसाठी काम करणारी मोठी संस्था आहे, तिनं 2009 साली ते बाजारात आणलं.

हे पेन चालतं कसं, ते सांगतो. जाड मार्करएवढं पेन, आणि त्याच्याबरोबर गोल-चौकोनी चिकटवायच्या चिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर डोळ्याला नीट दिसणारही नाहीत असे बारीक ठिपके छापलेले असतात. पेनाच्या टोकाला ते ओळखता येतात. चिठ्ठी डब्याला लावायची, बटण दाबून पेन तिच्यावर टेकवायचं आणि बोलायचं, “ही तूरडाळ.” पुढच्या वेळी नुसतं पेन टेकवलं की तोच आवाज ऐकू येतो. डाळ संपली आणि त्याच डब्यात शेंगदाणे भरले, तर त्याच चिठ्ठीवर पुन्हा बोलायचं. जुना आवाज जातो, नवा बसतो.

पहिल्या दिवशी आम्ही चौघीजणी उत्साहानं आक्कांच्या घरी गेलो. सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि आमच्याच आवाजात नावं भरली. आक्का गप्प ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “अगं, माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही कशाला बोलताय? मीच बोलतो की.” मग सगळं पुसून त्यांनी आपल्या आवाजात भरलं. “चटणी मला वासावरनं कळती. डाळ बोटाला कळती. पर गोळीला वास असतोय व्हय?”

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आक्कांना साखरेची गोळी आहे, रक्तदाबाची आहे, मधूनमधून गुडघ्याची असते. तिन्ही पाकिटं हाताला सारखीच लागतात. सून कामावर, नातू शाळेत. गोळीची वेळ झाली की शेजारणीला हाक मारायची, ती घरात नसली तर थांबायचं. कधी अंदाजानं घ्यायची. अंदाजानं घेतलेल्या साखरेच्या गोळीनं माणूस चक्कर येऊन पडू शकतं, हे आपल्याला माहीत आहे.

मग तीन छोट्या डब्या घेतल्या. प्रत्येक डबीवर चिठ्ठी: कसली गोळी, कधी घ्यायची, जेवणाआधी की नंतर, आणि मुदत कधी संपते. पाकिटाला चिठ्ठी लावून उपयोग नाही, कारण पाकीट संपलं की चिठ्ठीही जाते.

चुकाही झाल्या. सुरुवातीला आम्ही चिठ्ठ्या झाकणावर लावल्या. घासताना झाकणांची अदलाबदल झाली आणि साखरेचा डबा “मीठ” म्हणायला लागला. सकाळचा चहा खारट झाला तेव्हा कळलं. चिठ्ठी डब्याच्या अंगाला लावायची, झाकणाला नाही. गोळ्यांच्या डब्यांत हे झालं असतं तर? म्हणून त्या डब्यांची झाकणं दोऱ्यानं डबीलाच बांधली. दुसरं, मिक्सर चालू असताना बोललं तर नुसती घरघर भरली जाते. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: आवाज पेनात साठतो, चिठ्ठीत नाही. पेन हरवलं किंवा त्याचे सेल संपले की सगळ्या चिठ्ठ्या मुक्या. म्हणून पेन गळ्यात दोरीनं अडकवायचं आणि गोळ्यांच्या डब्यांना दुसरी खूणही ठेवायची. एकीला एक रबर, दुसरीला दोन, तिसरीला काही नाही.

तिसऱ्या आठवड्यात गटाची बैठक होती. आक्कांनी आपल्या पासबुकाला चिठ्ठी लावून घेतली आणि म्हणाल्या, “आता वाचा, मी भरून घेतो.” आम्ही बचत वाचली, कर्ज वाचलं, फेड वाचली. आक्का थांबल्या. “मागल्या बैठकीत मी शंभर रुपये जादा फेडलं हुतं. ते कुठं हाय?”

वही उघडली, मागची पानं चाळली. पावतीच्या बुकात शंभराची नोंद होती, पासबुकात चढवायची राहून गेली होती. कुणी पैसे खाल्ले नव्हते, घाईत लिहायचं राहिलं होतं. तिथंच दुरुस्ती केली, सह्या केल्या. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री आम्ही दर बैठकीला म्हणतो. आणि इतकी वर्षं न वाचता आक्कांचा अंगठा घेत आलो! आक्कांच्या लक्षात होतं म्हणून बरं. ज्यांना दिसतं पण वाचता येत नाही, त्या बायकांचं काय?

महिना संपला, पेन परत दिलं. आक्का म्हणाल्या, “डब्यांचं जाऊ दे, गोळ्यांचं तेवढं बघा.” मग गटानं दोन गोष्टी ठरवल्या.

पहिली, यापुढं प्रत्येकीची नोंद बैठकीत मोठ्यानं वाचायची आणि तिनं “बरोबर” म्हटल्यावरच सही किंवा अंगठा. याला एक पैसा लागत नाही. तुमच्या गटातही पुढच्याच बैठकीला सुरू करा.

दुसरी, पेनासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे. अर्ज करताना दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड जवळ असू द्या. आक्कांचं कार्डच नव्हतं. आधी त्याचा अर्ज भरला.

जाता जाता पैशांचंही सांगतो. नव्या नोटांच्या डाव्या-उजव्या कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात. शंभराला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन गोल, पाचशेला पाच. नोट कोरी असली तर बोटाला लागतात. जुन्या मळक्या नोटेसाठी रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं मोबाईल अॅप आहे. ते 2020 मध्ये आलं. नोट मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं धरली की किती रुपयांची ते बोलून सांगतं, इंटरनेट नसलं तरी चालतं. अंध माणसाच्या मोबाईलवर ते घालून द्यायला पाच मिनिटं लागतात. तुमच्या पोरीबाळींना सांगा.

आता आक्का बैठकीत मध्यभागी बसतात. वही वाचून झाली की आम्ही सगळ्या त्यांच्याकडं बघतो. त्या “व्हय, बरोबर” म्हणाल्या की मगच वही मिटते.

तुमच्या गटात अशी कुणी बाजूला बसवलेली बहीण आहे का, ते आज आठवून बघा. तिला काय हवंय, ते तिलाच विचारा.