मोबाइलची बॅटरी दिवसभर कशी पुरवाल?



आज बियाण्याबद्दल किंवा खताबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते आपल्या खिशातल्या मोबाइलबद्दल. बाजारभाव, हवामानाचा अंदाज, बँकेचा निरोप, मोटार चालू-बंद करणं, ही सगळी कामं आता मोबाइलवर येऊन बसली आहेत. ई-पीक पाहणीसुद्धा २०२१ सालापासून राज्यभर मोबाइलवरून होते. आणि नेमकं बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायच्या वेळी मोबाइल बंद पडतो! मग परत घरी या, लाईट येण्याची वाट पाहा, की गेला दिवस. म्हणून बॅटरी लवकर का उतरते आणि त्यावर उपाय काय, ते आज पाहू.

बॅटरी कशानं उतरते?

पहिलं कारण म्हणजे पडद्याचा उजेड. उन्हात पडदा दिसावा म्हणून आपण उजेड पूर्ण वाढवतो आणि सावलीत आल्यावरही तो तसाच राहतो. उजेड आपोआप कमी-जास्त होण्याची सोय मोबाइलमध्ये असते, ती चालू ठेवावी. वापर थांबल्यावर अर्ध्या मिनिटात पडदा बंद होईल, असंही लावून ठेवावं.

दुसरं कारण म्हणजे रेंज. हे शेतात फार महत्त्वाचं आहे. टॉवर लांब असला की मोबाइल जास्त जोर लावून संदेश पाठवतो, आणि रेंज गेली की टॉवर शोधत बसतो. चढावर गाडी ओढणारा बैल जसा लवकर थकतो, तशीच ही गत. म्हणून डोंगराच्या आड, जिथं रेंज मुळीच नाही अशा रानात, मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा. दोन सिमकार्डं असतील आणि एकाला तिथं रेंज नसेल, तर तेवढं एक बंद करावं.

तिसरं कारण म्हणजे आपल्या नकळत चालणारी ॲप. पाइपलाइनला गळती असेल तर मोठी मोटार बसवून उपयोग नाही. आधी गळती शोधावी लागते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी’ नावाचं पान असतं. कोणत्या ॲपनं किती बॅटरी खाल्ली, ते तिथं दिसतं. नको असलेली ॲप काढून टाका. व्हॉट्सॲपवर येणारे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवून घेणं बंद करा. मात्र कामाची ॲप दर पाच मिनिटांनी बंद करून पुन्हा उघडत बसू नका. नव्यानं उघडायलाही बॅटरी लागतेच.

काय बंद करू नये?

बचत करताना एक गोष्ट सांभाळा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास आकाशातली वीज पडण्याचा धोका असेल तर सूचना देतं. पण आपण कुठं आहोत हे त्याला कळायला लोकेशन आणि इंटरनेट लागतं. मोबाइल फ्लाइट मोडवर असेल तर सूचना येणार नाही. म्हणून वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत या ॲपचं लोकेशन बंद करू नका. बचत दुसरीकडं करा. आणि ढगांचा गडगडाट कानावर आला, तर मोबाइलच्या सूचनेची वाट न पाहता पक्कं घर जवळ करा. झाडाखाली थांबू नका.

ऊन हा बॅटरीचा वैरी

मोबाइलमध्ये लिथियम-आयनची बॅटरी असते. बहुतेक मोबाइल ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावेत, असं कंपन्या सांगतात. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा त्याच्या कितीतरी वर जातो. ट्रॅक्टरच्या पत्र्यावर किंवा गाडीच्या काचेमागं ठेवलेला मोबाइल तर हवेपेक्षाही जास्त तापतो. या उष्णतेनं त्या दिवसापुरतंच नव्हे, तर कायमचं नुकसान होतं. बॅटरीची साठवण्याची ताकदच कमी होते. म्हणून मोबाइल सावलीत, कापडी पिशवीत ठेवावा. तापला तर चार्जिंगला लावू नये, आधी निवू द्यावा. फ्रीजमध्ये मात्र कधीही ठेवू नये, आत दव धरतं.

चार्जिंग कसं करावं?

बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करावी, ही समजूत जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली आहे. आजच्या बॅटरीला ते मानवत नाही. वीस टक्क्यांच्या आसपास आली की लावावी आणि रोज घरीच असाल तर ऐंशी टक्क्यांना काढावी. दिवसभर रानात जायचं असेल, तर सकाळी खुशाल पूर्ण भरून घ्या. थोडं थोडं चार्ज केल्यानं बॅटरी बिघडत नाही. दोनदा अर्धी भरली तर ते एकदाच पूर्ण भरल्यासारखं धरतात.

विजेच्या खर्चाची काळजी नको. पाच हजार एमएएचची बॅटरी एका युनिटमध्ये साधारण चाळीस वेळा भरते. काळजी हवी ती चार्जरची. स्वस्तातला बिनानावाचा चार्जर घेऊ नका. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी खूण पाहूनच घ्या. उशीखाली किंवा अंथरुणात मोबाइल चार्जिंगला लावू नये. विजा चमकत असतील किंवा लाईट सारखी ये-जा करत असेल, तर चार्जर बोर्डातून काढून ठेवावा.

पॉवर बँक घेताना हिशेब ध्यानात ठेवा. तिच्यावर दहा हजार लिहिलेलं असलं, तरी मोबाइलमध्ये साधारण सहा हजारांच्या आसपासच उतरतं. बाकीचं मध्ये खर्ची पडतं. म्हणजे पाच हजारांचा मोबाइल एकदा भरून थोडंसं उरेल, एवढंच.

बॅटरी म्हातारी झाली तर?

साधारण ५०० ते १००० वेळा पूर्ण भरली गेली की बॅटरीची ताकद घटते. सगळे उपाय करूनही दुपारीच मोबाइल बंद पडत असेल, तर कंपनीच्या अधिकृत केंद्रातून बॅटरी बदलून घ्या. ते नव्या मोबाइलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. मोबाइलची पाठ फुगलेली दिसली, तर मात्र एक दिवसही थांबू नका. तो चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. बॅटरी पेट घेऊ शकते. काढलेली बॅटरी उकिरड्यात किंवा चुलीत न टाकता केंद्रावरच द्यावी.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. पडद्याचा उजेड गरजेपुरताच ठेवा.
२. रेंज मुळीच नसेल तिथं फ्लाइट मोड लावा.
३. बॅटरी खाणारी नको ती ॲप शोधून काढा.
४. पावसाळी हवेत विजेची सूचना देणारं ॲप चालू ठेवा.
५. मोबाइल उन्हात ठेवू नका, तापलेला चार्ज करू नका.
६. फुगलेली बॅटरी ताबडतोब बदला.

आणि एक शेवटचं. घरातला जुना ट्रान्झिस्टर अडगळीत टाकू नका. त्याला ना टॉवर लागतो, ना इंटरनेट. वादळवाऱ्यात चार दिवस लाईट गेली आणि मोबाइल बंद पडला, तरी सेलवर चालणारा रेडिओ हवामानाची बातमी देत राहील. पावसाळ्याआधी सेलची एक नवी जोडी तेवढी घरात आणून ठेवा.