शिशाचे शिपाई आणि त्यांची दुरुस्ती



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून कित्येकांच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले आम्ही येता येता पाहिले. जेथे वेदान्तावर आणि अर्थकारणावर बोलायचे, त्या व्यासपीठावरून केस पिकलेल्या माणसाने खेळण्यातल्या शिपायांविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटले असेल. त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. दिवाळीत अंगणात किल्ला केलात, अळीव पेरलेत, बुरुजावर मातीचे मावळे उभे केलेत, आणि त्यांतल्या एखाद्याचा भाल्याचा हात मोडला, तेव्हा आपण काय केलेत? बहुतेकांनी तो मावळा कुंपणापलीकडे टाकला असेल. थोड्यांनी मात्र भाताच्या शिताने हात चिकटवून त्याला पुन्हा पहाऱ्यावर उभे केले असेल. हे शितवाले लोक आमच्या पंथाचे! आजचे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आपला मावळा मातीचा. एका दिवाळीपुरता तो जगतो आणि पुढच्या पावसात मातीला मिळतो. पण युरोपातल्या मुलांच्या हातात जो शिपाई आला तो धातूचा होता. तो मुलांपेक्षाही जास्त टिकला, आणि म्हणून त्याच्या दुरुस्तीचे शास्त्र जन्माला आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरी कथलाचे सपाट शिपाई ओतले जाऊ लागले. पुढे भरीव आणि गोलसर शिपाई आले. ते दिसायला देखणे, पण वजनाला जड आणि किमतीला भारी. मग 1893 साली लंडनच्या विल्यम ब्रिटन नावाच्या खेळणी करणाऱ्या घराण्यातल्या धाकट्या विल्यमने एक साधी पण अक्कलहुशारीची युक्ती काढली. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा तापलेला रस साच्यात ओतायचा. साच्याला टेकलेला थर क्षणात थिजतो, मधला रस मात्र अजून पातळ असतो. तेवढ्यात साचा उलटा करून तो रस परत ओतून घ्यायचा. मागे राहते ते पोकळ कवच! धातू वाचला, वजन घटले, किंमत उतरली, आणि जर्मन मालाची इंग्लंडातली मिरास संपली. सुमारे 54 मिलिमीटर उंचीचे हे शिपाई लाल खोक्यांतून घरोघर गेले. त्यांत आपल्याकडच्या पलटणीही होत्या. पिवळ्या डगल्यातले स्किनर्स हॉर्सचे घोडेस्वार होते, बंगालचे भालेवाले होते. साम्राज्याचा सगळा पसारा मुलांच्या खोलीतल्या जमिनीवर मांडता येत होता.

हे पोकळ शिपाई ब्रिटनच्या कारखान्यात 1966 पर्यंत होत राहिले. एकीकडे प्लॅस्टिक स्वस्त झाले, दुसरीकडे शिशाचे विष मुलांच्या पोटात जाते याची जाणीव कायद्यालाही झाली, आणि तो धंदा थांबला. तेव्हापासून जे उरले ते जुने. जुने म्हणजे बहुधा मोडके.

आता मोडते काय ते पाहा. कवच पातळ, तेव्हा पहिली जाते ती मान. मग बंदुकीचे टोक, घोड्याचा पाय, आणि खांद्याच्या खुंटीवर फिरणारा हात. इंग्रज मुलांनी मानेवर फार जुना इलाज शोधून काढला होता. आगकाडीचा तुकडा पोकळ धडात खोवायचा, वर डोके बसवायचे, आणि लढाई पुढे चालू! आज आम्ही काडीऐवजी पितळेची तार आणि दोन नळ्यांतला चिकट मसाला वापरतो. नवशिक्याला डाग देण्याचा मोह होतो, पण तापलेली कैची शिशाला लागली की मान जोडण्याऐवजी छातीच वितळून जाते. बंदुकीचे टोक तारेचे करावे. हरवलेला हात नव्याने ओतून घ्यावा आणि खांद्याच्या खुंटीभोवती चिमट्याने हळूच आवळावा.

मोडतोडीपेक्षा भयंकर एक रोग आहे. कपाटात वर्षानुवर्षे ठेवलेल्या शिपायांवर पांढरी भुकटी धरते, रंग फुगतो, आणि आतला धातू पिठासारखा होतो. ओकसारख्या काही लाकडांतून आंबट वाफ निघत असते, बंद कपाटात ती कोंडते आणि शिशाला खाते. म्हणजे ज्याने प्रेमाने भारी लाकडाचे कपाट करून घेतले, त्याचेच शिपाई आधी मेले! यावर औषध थोडे, पथ्य मोठे: कोरडी जागा, खेळती हवा, काच किंवा पत्र्याचे कपाट. आणि आणखी एक पथ्य शिपायाचे नव्हे, आपले. शिसे घासताना ते ओले ठेवून घासावे, कामाच्या टेबलावर चहाचा कप आणू नये, हात धुवावेत, आणि असे शिपाई लहान मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. ज्या वस्तू मुलांसाठी झाल्या त्या आज मुलांपासून दूर ठेवायच्या, हा काळाचा विनोद आहे.

आता आमच्या एका अपराधाची कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मुंबईच्या चोरबाजारात एका पत्र्याच्या डब्यात आम्हांला ब्रिटनचे चार घोडेस्वार मिळाले. पिवळा डगला जागोजाग उडालेला, एकाचा हात गेलेला, एका घोड्याचा पाय लंगडा. आम्ही उत्साहाच्या भरात चौघांनाही रंग काढायच्या द्रावणात बुडवले, चकचकीत शिसे होईपर्यंत घासले, आणि बाजारातला उत्तम रंग आणून नखशिखान्त रंगवले. मिशा काढल्या, डोळ्यांत बुबुळे काढली. मग मोठ्या अभिमानाने ते एका जुन्या जाणत्या संग्राहकापुढे ठेवले. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "काम नेटके आहे हो. पण हे आता ब्रिटनचे राहिले नाहीत, तुमचे झाले. आधी जिने रंगवले होते, तिचा हात तुम्ही पुसून टाकलात."

तो शब्द आम्हांला लागला. हे शिपाई यंत्राने रंगत नसत. लंडनमधल्या कामकरी बाया हातात बारीक कुंचला धरून एकामागून एक डगले रंगवीत. डोळा म्हणजे एक ठिपका, मिशी म्हणजे एक फटकारा. तिचे नाव कोठेही नोंदलेले नाही. तिच्या आयुष्यातल्या अर्ध्या मिनिटाचा जो एकुलता एक पुरावा शिल्लक होता, तो आम्ही सफाईच्या नावाखाली धुऊन टाकला. त्या दिवसापासून आमचा नियम असा की, मोडले ते जोडावे, गळले ते धरून ठेवावे, पण उरले आहे ते झाकू नये. नवा हात बसवला तर पोटाखाली बारीक खूण करावी, म्हणजे पुढच्या माणसाची फसवणूक होणार नाही. जुने मंदिर रंगवून काढणाऱ्या मंडळींनीही या नियमाचा विचार करण्यास हरकत नाही.

आता जोडलेल्या शिपायांचे करायचे काय? काही जण काचेआड ठेवतात. आम्ही खेळतो. आणि या खेळाची वंशावळ मोठी आहे. 1881-82 च्या हिवाळ्यात छातीच्या विकाराने जर्जर झालेला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन स्वित्झर्लंडच्या डाव्होस गावी हवापालटासाठी राहिला होता. तेथे तो आणि त्याचा सावत्र मुलगा लॉइड माळ्यावरच्या जमिनीवर खडूने नकाशा काढून शिशाच्या फौजा लढवीत. पुढे एच. जी. वेल्सने 1913 साली या खेळाचे नियम एका लहानशा पुस्तकात बांधून दिले. पायदळाने एका डावात एक फूट चालावे, घोडदळाने दोन फूट. तोफेजवळ सहा इंचांच्या आत निदान चार माणसे असतील तरच ती उडवता यावी. तोफ खरीच, म्हणजे स्प्रिंगची, लाकडी गोळी फेकणारी. नेम धरून मारायचे, आणि जो शिपाई आडवा झाला तो मेला. त्यात फासे नाहीत. आपल्या सारीपाटात दैव हातात खुळखुळते, बुद्धिबळात दैवाला प्रवेशच नाही, आणि वेल्सच्या खेळात दैव खेळणाऱ्याच्या थरथरत्या बोटात असते.

याउलट प्रशियात 1824 साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावरचा जो युद्धखेळ सिद्ध केला, तो खेळ म्हणून नव्हेच; खऱ्या लढाईची तालीम म्हणून लष्कराने उचलला. म्हणजे एकाच झाडाला दोन फांद्या फुटल्या. एक माळ्यावर गेली, दुसरी सेनापतींच्या कचेरीत.

येथे आपल्यापैकी कोणी तरी विचारणारच, आणि विचारावेही, की या खेळाने मुलांच्या मनात युद्धाची गोडी उत्पन्न होत नाही काय? आम्ही हा प्रश्न टाळणार नाही. विन्स्टन चर्चिलने 1930 सालच्या आत्मकथनात सांगितले आहे की, लहानपणी त्याच्यापाशी सुमारे दीड हजार शिपाई होते, त्यांचे संचलन वडिलांनी पाहिले आणि सैन्यात जायचे काय म्हणून विचारले, आणि तेथून त्याच्या आयुष्याचा ओघ वळला. हाच चर्चिल 1915 मध्ये दार्दानेल्सच्या मोहिमेचा पुरस्कर्ता होता, आणि ती मोहीम कशी संपली हे जगाला ठाऊक आहे. वेल्सचा दावा मात्र नेमका उलटा होता. चारदोन वेळा छोटे युद्ध खेळून पाहा, म्हणजे मोठे युद्ध हा किती चुकांचा बाजार असेल ते उमगेल, असे त्याने पुस्तकाच्या शेवटी बजावले. पुस्तक 1913 चे. 1914 च्या ऑगस्टात मोठे युद्ध पेटले, आणि याच वेल्सने युद्धांचा अंत करणारे युद्ध म्हणून त्याची बाजू घेतली! खेळाने त्याला शहाणे केले, पण पुरेसे नाही.

आणि त्या मोठ्या युद्धात आपली माणसे होती. मेसोपोटेमियात कूट येथे मराठा पलटणीतले शिपाई वेढ्यात सापडले. 29 एप्रिल 1916 रोजी कूट पडले आणि उरलेले कैदेत गेले. साताऱ्याकडच्या अपशिंग्यासारख्या गावांतून किती घरांतली माणसे त्या युद्धावर गेली, हे तेथल्या लोकांना सांगावे लागत नाही. लाल खोक्यातला शिपाई आडवा झाला तर संध्याकाळी तो उचलून पुन्हा खोक्यात ठेवता येत होता. या शिपायांना उचलून परत आणणारे कोणी नव्हते.

तेव्हा खेळाने युद्ध थांबते असा खोटा दावा आम्ही करणार नाही. आमचे म्हणणे याहून लहान आहे. जो नुसता खेळतो, त्याला पडलेला शिपाई म्हणजे एक आकडा. पण जो खेळल्यानंतर दिव्याखाली बसून त्याच शिपायाची मान तारेवर बसवतो, त्याला दर पडण्याची किंमत संध्याकाळभर मोजावी लागते. आमचा अनुभव असा की, दुरुस्ती करणारा माणूस हळूहळू भित्रा सेनापती होतो. तो घोडदळ तोफेवर घालीत नाही, कारण घोड्याचे पाय आपल्यालाच जोडायचे आहेत हे त्याला आठवते. असे भित्रे सेनापती जगाच्या कचेऱ्यांत थोडे अधिक असते तर कोणाचे बिघडले नसते.

ते चार पिवळे घोडेस्वार अजून आमच्या टेबलावर आहेत. त्यांना आम्ही पुन्हा रंगवले नाही आणि विकलेही नाहीत. आमची चूक आमच्या डोळ्यांसमोर राहावी एवढ्यासाठी ते उभे आहेत. येत्या दिवाळीत आपल्या नातवाच्या किल्ल्यावर एखाद्या मावळ्याचा हात मोडला, तर त्याला लगेच नवा आणून देऊ नका. शीत घ्या, त्याच्या शेजारी मांडी घालून बसा, आणि तो हात त्यालाच जोडू द्या.