रागावत नाहीत, पण जवळही येत नाहीत

आम्ही दुकानाच्या बिलिंग काउंटरवर उभ्या असणाऱ्या बायका. आमच्यातली एकजण दिवाळीआधी नोकरी सोडून गेली. मुसलमान मोहल्ल्यातून यायची, हिशेबाला पक्की. ती गेली तेव्हा साहेब म्हणाले, "ह्यांचं असंच, टिकत नाहीत." आम्हीही माना डोलावल्या. आता त्याची लाज वाटते.

साहेब तिला कधी ओरडले नव्हते. फक्त तिच्या काउंटरपाशी थांबत नसत. आम्हाला नवीन मशीन समजावून सांगितलं, तिनं आमचं बघून शिकून घेतलं. रात्री गल्ला मोजायला, सणाची जादा पाळी करायला तिला कोणी विचारलंच नाही. हळूहळू तिचे खाडे वाढले, आणि साहेबांना वाटलं, बघा, आपला अंदाज खरा ठरला.

अगदी हेच फ्रान्समधल्या किराणा दुकानांच्या एका साखळीत अर्थशास्त्रज्ञांनी तपासलंय. त्यांचा अभ्यास २०१७ साली छापून आला. तिथल्या नव्या कॅशियरपैकी काहीजण आफ्रिकी वंशाचे. आज एका मॅनेजरच्या हाताखाली, उद्या दुसऱ्याच्या, अशा पाळ्या. कोणत्या मॅनेजरच्या मनात या लोकांविषयी ग्रह आहे, हे चाचणी घेऊन पाहिलं. ग्रह असलेल्या मॅनेजरच्या पाळीला याच लोकांचे खाडे जास्त, माल स्कॅन करायला वेळ जास्त, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये खोळंबाही जास्त. ग्रह नसलेल्या मॅनेजरच्या पाळीला तीच माणसं झपाट्यानं काम करायची. माणूस तोच, हात तेच!

ते मॅनेजर अपमान करत होते असंही दिसलं नाही. ते या लोकांशी कमी बोलत, त्यांच्याकडे कमी फिरकत, एवढंच. त्या अभ्यासाचा विषय नोकरी सोडणं हा नव्हता, हे खरं. पण खाडे वाढले की पुढं काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

परवा आम्ही तिच्या घरी गेलो. तिनं चहा केला. म्हणाली, "तिथं कोणी त्रास दिला नाही गं. पण मी आले काय, नाही आले काय, सारखंच."

आता तिच्या मोहल्ल्यातलीच दुसरी मुलगी लागलीय. हिला गल्ला मोजायला शिकवा, असं आम्ही साहेबांना सांगितलं. "बघू," म्हणाले. सोमवारी पुन्हा विचारणार आहोत.